सुगंधाबाईच्या झाडाखालची गाडी

कुसुम, तुझ्या जीपचा डॅशबोर्ड मी शेवटी उघडायला लावला. तू असतीस तर हे होऊ दिलं नसतंस. पण माणूस नसला की त्याचं मतही धरत नाहीत. ठराव एकमताने पास झाला, कारण घरात मतदार एकच उरला आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्यवस्थित झाला. भंतेजी थोडक्यात बोलले आणि बरं बोलले. पुढच्या वक्त्यांनी ती कसर भरून काढली. सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या अध्यक्षांनी तुला आधी आरोग्यदूत केलं, मग रणरागिणी केलं, आणि टाळ्या कमी पडल्या म्हणून शेवटी वटवृक्ष केलं. एका पुढाऱ्याने सांगून टाकलं की तुझ्यामागे मुलं, सुना, नातवंडं असा भरला परिवार आहे. तुझी बहीण मागच्या रांगेतून माझ्याकडे बघायला लागली. आपल्याला मूलबाळ नाही हे त्या माणसाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्याने मला फ्लेक्सवरून ओळखलं होतं, आणि तुलाही. मग सगळे शांत उभे राहिले. त्या शांततेत मी काय विचार करत होतो सांगू? गाडीच्या एसीत गॅस किती उरला असेल, याचा.

कारण रंजू दारातल्या कूलरसमोर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती. लोक पांगल्यावर ती जवळ आली.

"काका, चंद्रपूरले कागद तपासाले बोलावलं हाये. मे महिन्यात. सिस्टरबाई म्हणल्या होत्या, मी नेईन."

"मग?"

"मंग आता राहू द्या. दुसरी निघन जागा."

"ही निघायला किती वर्षं लागली?"

ती समोरच्या चार-दोन दातांनी हसली. तिला फार वाईट वाटलं की ती तशी हसते, हे तुला माहीत आहे.

तुला नव्याने सांगायची गरज नाही, पण लिहिताना क्रम लागतो. धानोऱ्याच्या पुढच्या उपकेंद्रात तू नर्स होतीस तेव्हा सुगंधाबाईचं बाळंतपण तू केलंस. रंजू झाली. दर दुपारी तिला ताप चढायचा आणि रात्री उतरायचा. डॉक्टर औषधं बदलत राहिले. तू मात्र पोरीला दुपारभर ओल्या फडक्यात ठेवलंस आणि तिच्या गळ्याखाली बोट फिरवून सांगितलंस, "हे पोर कोरडं हाये. इले घामच नाई." नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं. अर्थ तोच होता. जन्मतःच घामाच्या ग्रंथी नाहीत, दातही मोजकेच; अंग तापलं की आपोआप थंड होण्याची सोय नाही. अशी मुलगी जन्माला आली कुठे, तर आपल्या जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात कावळासुद्धा नळाखालून हलत नाही.

ती बारावीला असताना तू भाड्याची एसी गाडी करून तिला परीक्षेला नेत होतीस. चढावर डिझेल वाचवायला ड्रायव्हरने गुपचूप एसी बंद केला. धानोऱ्याजवळ हातपंपाखाली तिला झोपवून तू शुद्धीवर आणलंस आणि मग ड्रायव्हरला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, कारण कागद चांगला आहे. निवृत्तीनंतर लोक घरावर मजला चढवतात, चारधाम करतात. तू जुनी जीप घेतलीस, साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकलीस, आणि मला बाजूच्या सीटवर बसवून सांगितलंस, "तुमी फक्त घाबरू नका. बाकी मी पाहून घेतो."

रंजूने प्रयोगशाळेचं शिक्षण घ्यावं ही कल्पनाही तुझीच. आपल्या सरकारी दवाखान्यात माणसांसाठी पंखा असतो आणि यंत्रांसाठी एसी असतो, हे तू नोकरीभर पाहिलं होतंस. "यंत्राजवळ बसली तं यंत्राचा वारा इलेही लागन," तू म्हणालीस. ग्रंथालयात समाजसुधारणेवरची अख्खी कपाटं मी लावली आहेत, कुसुम. इतका नेमका विचार त्यांत कुठे भेटला नाही. आता तीच नोकरी दाराशी आली होती. परीक्षा पास झाली होती, फक्त कागद दाखवायला हजर राहायचं होतं. गैरहजर राहिली तर नाव कटणार होतं. आणि मे महिन्यात गडचिरोलीत भाड्याची एसी गाडी मागून पाहा. सगळ्या नवरदेवांना बुक असतात. मिळाली तरी चढावर बटण कोणाच्या हातात असतं, ते आपण बघितलं होतं.

म्हणून मी जीप घेऊन इक्बालकडे गेलो. चामोर्शी रस्त्यावरचा आपला एसीवाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि गॅसची टाकी ओढायला लागला.

"गॅस नको," मी म्हणालो. "लीक शोध."

"सर, गॅस मारून देतो ना. सीझन निघून जाईन."

"दरवर्षी मारतोस. जातो कुठे?"

"हवेत."

"कुठून?"

"आता ते खुदाले मालूम."

"त्यांना सवड नाही. तू शोध."

या गळतीवरून आपण किती भांडलो. माझं म्हणणं असं की इंजिनासमोरच्या गॅसच्या जाळीवर रस्त्याचा खडा बसला असणार. तू म्हणायचीस, रबराचे पाइप म्हातारे झाले, आपल्यासारखेच. मी म्हणायचो, आधी कारण शोधावं, मग उपाय करावा. तू म्हणायचीस, पोराचं अंग तापलं तर आधी फडकं ओलं करावं, कारण काय पळून जाते? आणि गॅस भरून यायचीस. पहिल्या वर्षी तो गॅस उन्हाळाभर टिकला. मग महिनाभर. गेल्या वर्षी बाजाराच्या एका दिवसापासून दुसऱ्यापर्यंतही धड टिकला नाही. तरी तू भरत राहिलीस. मी तुला भांड्याच्या बुडाला भोक असताना विहिरीवर फेऱ्या मारणारी म्हणालो. तू म्हणालीस, "फेऱ्या मी मारून राह्यलो ना? तुमाले काय त्रास हाये?"

इक्बालने पाइपांत हवा कोंडून सगळीकडे साबणाचा फेस लावला. माझ्या जाळीवर बुडबुडा आला नाही. तुझ्या पाइपांवरही नाही. इतक्या वर्षांचं भांडण, आणि दोघंही नापास.

"मंग आतली कॉइल," तो नाखुशीने म्हणाला. "पूर्ण डॅशबोर्ड खोलावं लागन. जुनी गाडी. खोललं तं बसन का नाई, मी बोलत नाई."

"खोल."

"सर, इचार करा."

"केला."

मी दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडलं. तू मला कधी असं बसलेलं पाहिलं नाहीस. मी कुठल्याही दुकानात 'मी आलोच' म्हणून बाहेर वर्तमानपत्र वाचणारा माणूस. पण त्या दिवशी उठलो असतो तर त्याने गॅस मारला असता, आणि मी गाडी घरी आणली असती, आणि मग मे महिना आला असता.

डॅशबोर्ड निघाला. मागे तुझी एक सेफ्टी पिन होती, ओआरएसची पाकिटं होती, आणि माझा हरवलेला पेन होता, ज्याच्याबद्दल तू शपथेवर नाही म्हणाली होतीस. मग हवा गार करणाऱ्या कॉइलचा काळा डबा उघडला. आधी वास आला. गोड, आंबूस, ओळखीचा. आत कॉइलच्या पातळ पत्र्यांवर तपकिरी लगदा लिंपलेला होता. इक्बालने स्क्रू ड्रायव्हरने थोडा खरवडला. त्यातून एक पाकळी जवळजवळ सबंध निघाली.

मोह.

समोरच्या काचेखालच्या, हवा आत घेणाऱ्या जाळीच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या. तिथून फुलं आत गेली, पंख्याने त्यांचा चोथा केला, पाण्याने तो कुजला आणि त्या आंबट ओलीने कॉइल खाऊन टाकली. पत्र्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली होती.

आठवतं, एकदा नाक्यावर शिपायाने गाडी अडवली होती? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, आणि काच खाली करताच आतून मोहाचा भपका.

"सिस्टर, वास तं येऊन राह्यला," तो संकोचून म्हणाला.

"यायले विचार," तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "पुस्तकं वाचून वाचून हे असे झाले."

त्याने मला खाली उतरवून सीटखाली पाहिलं होतं. आपण दोघांनी तो वास, गाडीतून बाजारात न्यायचो त्या सुगंधाबाईच्या मोहाच्या पोत्यांचा ठरवला. निदान मी तरी ठरवला.

सुगंधाबाईच्या घरामागचं ते झाड तिच्याच घराण्याचं. त्याखालचा मोह दुसरं कोणी वेचत नाही. फुलं गळायच्या दिवसांत तू मुद्दाम तिच्याकडे मुक्कामाला जायचीस आणि जीप नेमकी त्याच्याखाली लावायचीस. मी म्हणायचो, अगं, मोहाला या दिवसांत एक पान नसतं, सावली कसली घेतेस? तू म्हणायचीस, "झाडाखाली तुमाले सावलीच दिसते काऊन?" पहाटे फुलं टपटप बोनेटवर आणि टपावर पडायची. सुगंधाबाईची कंबर गेलेली. रंजूला ऊन चढायच्या आत घरात जावं लागायचं, म्हणून वेचणी आईच्या एकटीच्या वाट्याला. जमिनीवरचा मोह वाकून वेचायचा. बोनेटवरचा मात्र उभ्यानेच, दोन्ही हातांनी ओंजळी भरून टोपलीत. "अन् माती नाई, काडी नाई. कसा साफ येते!" ती खुश होऊन म्हणायची. राहिलेली फुलं काचेवरून घसरत खाली जाळीकडे जायची. ती आपण कुणीच पाहिली नाहीत, असं मी समजत होतो.

"मॅडमले मालूम होतं," इक्बाल म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"हेच. मी बोललो होतो ना त्यायले. म्हटलं, मॅडम, वास कॉइलच्या डब्यातून येऊन राह्यला, आत मोह गेला असन. गाडी झाडाखाली नका लावत जाऊ. तं म्हणे, तू गॅस मार. अन् सरले सांगू नको. ते मले तिथून गाडी काढाले लावतीन."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मॅडमनं माह्या दोन्ही पोरायले सुया देल्या, सर. त्यायचं नाव काढलं तं अजून पळतात. त्यायले नाई कोण म्हणन?"

खरं सांगतो, आधी राग आला. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आता समोर नाही, हा शोकाचा भाग लोक भाषणात सांगत नाहीत. म्हणजे माझ्याशी भांडताना, रबराचे पाइप म्हातारे झाले म्हणताना, तुला सगळं ठाऊक होतं. फेऱ्या तू डोळे उघडे ठेवून मारत होतीस. मार्चमध्ये सुगंधाबाईची कंबर, मे महिन्यात रंजूचं अंग. दोन पेशंट, एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. तू दोघींनाही सोडलं नाहीस. फक्त दरवर्षी गॅस भरत गेलीस.

पण कुसुम, पुढच्या वर्षी काय करणार होतीस? कॉइलची चाळणी झाली होती. गॅस एक दुपारसुद्धा टिकला नसता. आणि इलाज तरी काय होता? त्या तुटक्या पट्ट्यांवर बारीक तारेची जाळी. एवढंच. झाडही तिथेच, गाडीही तिथेच, मोह बोनेटवर, आणि आत एक पाकळी नाही. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. त्याआधी कार्यकारणभावावर थोडं बोललो असतो, हे मान्य. तेवढं ऐकून घ्यायचं होतंस. हे भांडण मी सोडत नाही. ते माझ्या बाजूने निकालात निघालं आहे आणि तुला अपील नाही.

या गाडीची कॉइल आता बनत नाही. नागपूरहून दुसऱ्या कुठल्या गाडीची आली, ती बोटभर लांब निघाली. इक्बाल म्हणाला, "नाई बसत." मी म्हणालो, "डबा काप." त्याने डबा कापला, पत्रा वाकवला, नव्या रबरी रिंगा घातल्या, गॅसमधली ओल शोषणारी बाटली बदलली. मग पंप लावून आतली सगळी हवा ओढली आणि आम्ही दाबाच्या काट्याकडे पाहत बसलो. गळती असेल तर काटा परत येतो. तो चहा पिऊन आला, नमाज पढून आला, एक ट्रॅक्टर दुरुस्त करून आला. काटा होता तिथेच होता.

"तुमी तं मॅडमच्या वर हट्टी निघाले," तो म्हणाला.

"त्यांना दरवर्षी गॅस भरायला सवड होती," मी म्हणालो.

जाळी मी स्वतः बसवली. वाकडी बसली आहे. सुगंधाबाईला यातलं काही बोललो नाही. तू सांगितलं नव्हतंस, म्हणून मीही नाही. जाळी कशाला, असं तिने विचारलं तेव्हा उंदरांसाठी म्हणालो. उंदीर कोर्टात जात नाहीत.

ठरलेल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी चालवत होतो. हो, मीच, थेट चंद्रपूरपर्यंत. तुझ्या बाजूला बसून इतकी वर्षं ब्रेक दाबले, त्याचा थोडा सराव होता. सुगंधाबाई मागे, रंजू पुढे. चंद्रपूरला कचेरीच्या आवारात पोचलो तर पत्र्याच्या शेडखाली ही रांग. शेडचा पत्रा नऊ वाजताच भाकरी भाजायच्या तव्यासारखा झाला होता. रंजूला तिथे उभं करणं शक्य नव्हतं. सुगंधाबाईने तिच्या हातातली फाइल घेतली आणि कमरेवर हात ठेवून रांगेत जाऊन उभी राहिली.

"बाई, तपासणी तुमची हाये काय?" पुढच्या पोराने विचारलं.

"माही नाई. माह्या पोरीची. ते तिकडं थंड्यात बसली."

"काऊन? राणी हाये काय?"

"हव," सुगंधाबाई म्हणाली.

मी इंजिन चालू ठेवून बसलो. तेवढ्यात पहारेकरी काठी आपटत आला.

"गाडी बंद करा."

"बंद करता येत नाही."

"बिघडली काय?"

"नाही. आत्ताच दुरुस्त झाली आहे."

"साहेबायची गाडी लागणार हाये इथं. हटवा."

"साहेबांना घाम येतो का?"

"आं?"

"येतो ना? मग त्यांना उन्हात थोडं थांबता येईल. या मुलीला येत नाही. एसी बंद झाला तर ती पडते."

त्याने काचेतून आत पाहिलं. रंजूने त्याला नमस्कार केला. त्याने काठी काखेत घेतली. मग म्हणाला, "असं पहिलेच सांगा ना, बाबा. तिकडं निंबाखाली घ्या. तिथं साहेबाचा बापही उठवत नाई."

उभ्या गाडीत एसी चालला की जुनं इंजिन तापतं. काटा वर सरकायला लागला की मी उतरून समोरच्या जाळीवर डब्यातलं पाणी मारत होतो. काटा खाली यायचा, पुन्हा चढायचा, मी पुन्हा उतरायचो. शर्ट पाठीला चिकटला होता. ओलं फडकं, कुसुम. कारण सापडल्यावरही तेच करावं लागलं. इथे तुला अर्धा मार्क देतो.

दुपारी नाव पुकारलं. रंजू ओला रुमाल डोक्यावर ओढून आत गेली. पहारेकऱ्याने लोकांना बाजूला करत तिला वाट करून दिली. ती परत येईपर्यंत मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, गाडी उभी असताना.

"झालं?"

"झालं. सगळे कागद बराबर हायेत म्हणे. ऑर्डर घरी येईन." मग तिने गुपित सांगितल्यासारखं म्हटलं, "काका, आत एका खोलीत मशीन होती. तिथं लय थंड होतं."

परतीच्या वाटेवर ऊन असं होतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. सागाला पान नव्हतं. मूल आणि सावली ही गावं मागे पडली. सुगंधाबाई मागे आडवी होऊन झोपली होती, फाइल छातीशी धरून. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल आला तेव्हा रंजू म्हणाली, "काका."

माझा हात आपोआप बटणाकडे गेला. "काय गं? गरम होतंय?"

"नाई." तिने ओढणी अंगाभोवती गुंडाळून घेतली होती आणि हात काखेत दाबले होते. "थोडं कमी करता काय? मले हीव वाजून राह्यलं."

मी गाडी पुलाच्या अलीकडे बाजूला घेतली, कारण समोरचं नीट दिसेना. तुझ्या गॅसने तिला शुद्धीवर ठेवलं, परीक्षेला पोचवलं, घरी आणलं. पण असं कमी कर म्हणण्याइतका गारवा तिच्या वाट्याला या गाडीत कधी आला नव्हता.

मग मी एसी कमी केला, कुसुम. मे महिन्यात, भर दुपारी.